बाळंतपणानंतर ‘पिशवीचं तोंड उघडं’ राहतं म्हणजे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षांपूर्वी नैसर्गिक बाळंतपण झालं. परवा तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की गर्भपिशवीचं तोंड फटीसारखं झालंय, थोडं उघडं आहे आणि डाव्या बाजूला जुन्या फाटल्याची खूण दिसते. आता दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे. तोंड उघडं असेल तर गर्भ टिकेल का? ते पुन्हा पूर्वीसारखं मिटेल का? आणि पहिल्या वेळी आपलं काही चुकलं म्हणून असं झालं का?

आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. तुमचं काहीही चुकलेलं नाही. बाहेरून दिसणारं तोंड पूर्वीसारखं गोल होणार नाही, आणि तसं होण्याची गरजही नाही. गर्भ धरून ठेवण्याचं काम ज्या भागाचं आहे तो भाग त्या फटीच्या बराच वर आहे. बाहेरच्या तोंडाकडे बघून त्याच्या ताकदीबद्दल काही सांगता येत नाही.

‘उघडं’ हा शब्द आम्ही डॉक्टर फार सहज वापरतो. ऐकणारीच्या मनात मात्र दाराची कडी निघाल्याचं चित्र उभं राहतं. माझ्याकडे अशा कितीतरी जणी आल्या आहेत, ज्यांनी त्या एका शब्दामुळे महिनोन्‌महिने धास्तीत काढले. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

जुन्या पुस्तकांत या अवयवाला ग्रीवा म्हटलं आहे. मला तो शब्द ‘तोंडा’पेक्षा नेमका वाटतो, कारण हे नुसतं तोंड नाही, हा गळा आहे. गर्भपिशवीचा खालचा निमुळता भाग, साधारण ३ ते ४ सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर जाड, आणि मधून एक अरुंद नळी. नळीचं वरचं टोक गर्भपिशवीच्या पोकळीत उघडतं, ते आतलं तोंड. खालचं टोक योनीमार्गात उघडतं, ते बाहेरचं तोंड. स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून धरणारं साधन, लावून डॉक्टर बघतात तेव्हा त्यांना फक्त बाहेरचं तोंड दिसतं. आतलं तोंड डोळ्यांना दिसत नाही, ते सोनोग्राफीत दिसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हा गळा कशाचा बनलेला आहे. गर्भपिशवीचं अंग स्नायूंचं असतं. गळ्यात मात्र स्नायू फार थोडे, सरासरी १० ते १५ टक्के, तेही वरच्या टोकाकडे जास्त. बाकी सगळे कोलॅजनचे चिवट तंतू, घट्ट पीळ घातलेल्या दोरखंडासारखे. म्हणून गर्भ नसताना गळा हाताला नाकाच्या शेंड्यासारखा टणक लागतो. गर्भारपणात तो ओठांसारखा मऊ लागतो. ही उपमा प्रसूतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्गात सांगितली जाते, आणि इतकी वर्षं बोटांनी तपासल्यावर मला तिच्यात बदल करावासा वाटलेला नाही.

हा बदल बाळंतपणाच्या दिवशी सुरू होत नाही. गर्भ राहिल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच गळा मऊ पडू लागतो, रक्तपुरवठा वाढल्यामुळे निळसर-जांभळा दिसतो, आणि त्यातल्या ग्रंथी फुगून दाट चिकट स्राव तयार करतात. त्या स्रावाची गुठळी नळीत बुचासारखी बसते आणि खालचे जंतू वर जाऊ देत नाही. शेवटच्या आठवड्यांत तंतूंमधले जोड सैल होतात, मधल्या जागेत पाणी आणि ते धरून ठेवणारं हायल्यूरॉनिक आम्ल वाढतं, दोरखंडाचा पीळ उलगडत जातो. कळा सुरू होण्याआधी कधी कधी रक्ताचा तांबूस अंश असलेला चिकट पदार्थ अंगावरून जातो. ते हेच बूच.

कळा सुरू झाल्यावर गर्भपिशवीचे वरचे स्नायू प्रत्येक कळेसरशी थोडे थोडे आखूड होत जातात आणि गळ्याला वर ओढून घेतात. कुंभार चाकावरच्या मडक्याचा गळा पसरवत पसरवत त्याची भिंतच करून टाकतो, तसं काहीसं होतं. आधी तीन-चार सेंटिमीटर लांब असलेला गळा कागदासारखा पातळ होऊन गर्भपिशवीच्या भिंतीत मिसळून जातो. मग उरते ती फक्त एक कड, आणि ती १० सेंटिमीटरपर्यंत उघडते. पहिलटकरणीत बहुतेक वेळा गळा आधी पातळ होतो आणि नंतर उघडू लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दोन्ही गोष्टी बरोबरीने चालतात. नंतरची बाळंतपणं सहसा लवकर आटपतात, त्यामागे हे एक कारण आहे.

आता फाटण्याबद्दल. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून बाळाचं डोकं बाहेर येतं, तेव्हा कडेला बारीक चिरा पडणारच. एक सेंटिमीटरच्या आतल्या चिरा इतक्या सर्रास होतात की आम्ही त्यांना इजा म्हणतच नाही. रक्त वाहत नसेल तर टाकेही घालत नाही, त्या आपोआप भरतात. चिरा पडण्याची ठरलेली जागा म्हणजे डावी आणि उजवी बाजू, घड्याळाच्या भाषेत तीन आणि नऊ वाजताची. तुमची खूण डाव्या बाजूला आहे, म्हणजे जिथे असायला हवी तिथेच आहे.

मोठी चीर वेगळी. बाळ फार झपाट्याने बाहेर आलं, तोंड पूर्ण उघडायच्या आधीच जोर लावला गेला, किंवा चिमटा अथवा व्हॅक्यूम वापरावा लागला, तर चीर खोल जाऊ शकते. तिची ओळख अशी: वार पडली आहे, गर्भपिशवी दगडासारखी घट्ट आवळली आहे, तरी लालभडक रक्ताची धार थांबत नाही. अशा वेळी तोंडाची कड चिमट्यांत धरून गोलाकार तपासत जावं लागतं, चिरेचं वरचं टोक शोधावं लागतं आणि तिथपासून विरघळणारे टाके घालावे लागतात. वरचं टोक सापडल्याशिवाय टाके घालण्यात अर्थ नसतो, कारण रक्त बहुधा तिथूनच येत असतं. तुमच्या बाबतीत असं काही झालं असतं तर ते तुमच्या डिस्चार्ज कार्डावर नोंदलेलं असतं.

बाळंतपणानंतर लगेच हा अवयव कसा दिसतो ते बायकांना सहसा कुणी सांगत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही ते ओळखू आलं नव्हतं. सुजलेला, जांभळट, काही ठिकाणी खरचटलेला, योनीमार्गात सैल लोंबणारा एक मऊ पडदा. हाच अवयव काही दिवसांत पुन्हा टणक होईल यावर विश्वास बसत नाही. पण तसं होतं. पहिले काही दिवस त्यातून दोन बोटं सहज जातात. पहिला आठवडा संपेपर्यंत तोंड आकसतं, भिंत जाड होते, गळ्याची नळी पुन्हा तयार होते. त्यानंतर आतलं तोंड मिटतं. त्याच काळात गर्भपिशवी किलोभर वजनावरून सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्याही खाली येते. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही अवयवाची इतक्या कमी वेळात इतकी मोठी डागडुजी मी पाहिलेली नाही.

बाळंतिणीला योनीमार्गात काही घालू नका, टॅम्पॉन किंवा कप वापरू नका, संबंधांची घाई करू नका असं आम्ही सांगतो, ते याच कारणासाठी. बाहेरून टाके नसले तरी आतली वाट काही दिवस खरोखर उघडी असते आणि वार सुटलेली जागा अजून ओली असते. या दिवसांत ताप आला, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास यायला लागला, किंवा तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त जाऊ लागलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. हे ‘उघडं’ जपायचं असतं. दोन वर्षांनंतरच्या तपासणीत दिसणाऱ्या ‘उघड्या’शी याचा काही संबंध नाही.

मग कायमचं काय राहतं? मूल न झालेल्या बाईचं बाहेरचं तोंड लहान आणि गोल असतं. योनीमार्गे बाळंतपण झाल्यावर ते आडव्या फटीसारखं होतं, आणि त्याला वरचा आणि खालचा असे दोन ओठ दिसू लागतात. जिथे चिरा पडल्या होत्या तिथे छोट्या खाचा राहतात. नळीचं खालचं टोक थोडं रुंद राहतं, काहींच्या फटीत बोटाचं टोकही जातं. पण थोडं वर गेलं की नळी मिटलेली असते. तुमच्या डॉक्टरांनी पाहिलं ते एवढंच. पाळी, संबंध, गर्भधारणा, यातल्या कशातही त्या आकाराने अडथळा येत नाही. तांबी बसवायची झाली तर उलट ते सोपं जातं.

इथे थोडं विषयांतर करते, कारण हा प्रश्न मला खासगीत फार वेळा विचारला जातो: तोंड पाहून कुणाला कळेल का की या बाईला आधी मूल झालंय, आणि किती मुलं झाली आहेत? किती झाली हे कधीच कळत नाही. झालंय की नाही याचा अंदाज बांधता येतो, पण तो पुरावा ठरत नाही. कळा सुरू होण्याआधीच सिझेरियन झालं असेल तर तोंड गोलच राहतं. कळा देऊन, तोंड बरंच उघडल्यावर सिझेरियन झालं असेल तर ते फटीसारखं दिसू शकतं. गर्भपात किंवा पिशवीची सफाई यांनीही आकार बदलू शकतो. आणि जे दिसलं ते तपासणाऱ्या डॉक्टरने त्या बाईशिवाय दुसऱ्या कुणालाही सांगायचं नसतं, मग सोबत आलेलं माणूस कितीही जवळचं असो.

बाळंतपणानंतर दिसणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल मला राग येईल इतका गैरसमज आहे. गळ्याच्या नळीच्या आत पेशींचा एकच पातळ थर असतो. त्यातून खालच्या रक्तवाहिन्या दिसतात, म्हणून तो लाल दिसतो. बाहेरच्या बाजूला पेशींचे अनेक थर असतात, म्हणून तो भाग फिकट गुलाबी दिसतो. वयात येताना, गर्भारपणात, बाळंतपणात नळीचं आतलं अस्तर थोडं बाहेर उलगडतं, आणि तोंडाभोवती लाल चकती दिसू लागते. अस्तनी दुमडली की आतलं कापड दिसतं, तसं. त्याला वर्षानुवर्षं ‘जखम’, ‘चट्टा’, ‘तोंडाला आलेला व्रण’ असं म्हटलं गेलं. तिथे जखम नसते. कातडी सोललेली नसते. ते नेहमीचंच अस्तर असतं, फक्त जागा बदललेलं. योनीमार्गातल्या आम्लामुळे त्यावर हळूहळू जाड थर चढतो, आणि तसा चढताना काही ग्रंथींची तोंडं बंद होऊन पिवळसर-पांढरे छोटे फुगे येतात. तेही निरुपद्रवी असतात. सोनोग्राफीच्या अहवालात त्यांचा उल्लेख आला म्हणून कुणी रात्रीची झोप घालवू नये.

त्या लाल चकतीमुळे अंगावरून पांढरं जास्त जात असेल किंवा संबंधांनंतर रक्त दिसत असेल तर तपासणी करून गरजेप्रमाणे उपचार घ्यावेत. पण पॅप स्मिअर (गळ्यावरच्या पेशींचा नमुना घेऊन केलेली तपासणी) किंवा एचपीव्ही या विषाणूची तपासणी न करताच कुणी ती जाळायला सांगितली, किंवा ‘पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ असं सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. चकतीतून कॅन्सर होत नाही. या कॅन्सरमागे जवळपास नेहमीच एचपीव्ही विषाणूचा वर्षानुवर्षं टिकलेला संसर्ग असतो. हा संबंध दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. संसर्ग असलेल्या बाईला पुष्कळ बाळंतपणं झाली असतील तर धोका वाढतो, हे खरं आहे. पण मूळ तो विषाणूच, फाटलेली कड नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस साधारणपणे वयाच्या तिसाव्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही तपासणीची आहे. बाळंतपणानंतर पॅप स्मिअर करायची असेल तर साधारण बारा आठवडे थांबलेलं बरं. त्याआधी सूज आणि भरत असलेल्या पेशींमुळे नमुना नीट वाचता येत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी असल्यामुळे पेशी विरळ दिसतात. म्हणून आपण पाजतो आहोत हे तपासणीच्या वेळी आवर्जून सांगावं.

‘तोंड उघडं’ आणि ‘अंग बाहेर येणं’ या दोन गोष्टींचीही गल्लत होते. अंग बाहेर येतं ते गर्भपिशवीला बाजूंनी आणि मागून धरून ठेवणारे बंध आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्यामुळे. त्यात तोंड खाली सरकतं. ते उघडं आहे की मिटलेलं, याचा त्याच्याशी संबंध नाही. खाली ओढल्यासारखं वाटत असेल, संध्याकाळी काहीतरी गोळा उतरल्यासारखं वाटत असेल, तर ते वेगळं सांगा. त्याची तपासणी आणि व्यायाम दोन्ही वेगळे आहेत.

आता तुमचा मुख्य प्रश्न, दुसरा गर्भ टिकेल का. पहिलं बाळंतपण पूर्ण दिवसांचं झालं असेल तर त्या बाळंतपणानेच दाखवून दिलंय की तुमच्या गळ्याने नऊ महिने भार पेलला. बाळंतपणातल्या नेहमीच्या चिरांनी ती ताकद जात नाही. गळा खरोखर कमजोर असण्याची शंका आम्हाला येते ती वेगळ्या इतिहासावरून: चौथ्या ते सहाव्या महिन्यात फारशा कळा न येता गर्भ गेलेला असणं, आधीचं बाळ बरंच अपुऱ्या दिवसांचं असणं, गळ्याचा शंकूसारखा तुकडा शस्त्रक्रियेने काढलेला असणं, किंवा चीर खूप वरपर्यंत गेलेली असणं. तोंड पूर्ण उघडून बाळाचं डोकं खाली उतरल्यावर सिझेरियन करावं लागलं असेल तर तेही सांगायला हवं, कारण तेव्हाचा छेद कधी कधी गळ्यात उतरतो. ‘माझं तर सिझेरियन झालंय, गळ्याला काय होणार’ असं समजून ही माहिती बऱ्याच जणी सांगतच नाहीत.

अशी शंका असेल तर चौथा ते सहावा महिना या काळात योनीमार्गातून सोनोग्राफी करून गळ्याची लांबी मोजली जाते. २४ आठवड्यांच्या आधी ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर गळा आखूड धरतात. मग प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवायला मदत करणारं संप्रेरक) किंवा पिशवीला टाका, जसं लागू पडेल तसं. हा टाका म्हणजे बटव्याला नाडी ओवावी तशी गळ्याभोवती ओवलेली पट्टी. मुंबईच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी १९५५ साली ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी रुग्णाच्याच मांडीतल्या आवरणाची पट्टी वापरली होती. आज जगभर तो टाका त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९५७ साली ऑस्ट्रेलियातल्या इयन मॅकडोनाल्ड यांनी सोपी पद्धत मांडली, आणि हल्ली तीच जास्त वापरली जाते. आधीच्या इतिहासावरून टाका घालायचा ठरला तर तो सहसा १२ ते १४ आठवड्यांत घालतात आणि ३६-३७ आठवड्यांना काढतात. मात्र बाहेरचं तोंड फटीसारखं दिसतंय एवढ्यावरून टाका घालायचा नसतो. गरज नसताना घातलेल्या टाक्यालाही संसर्गाचा आणि पाणमोट फुटण्याचा धोका असतोच.

तेव्हा तुम्ही एवढं करा. पहिल्या बाळंतपणाचं कार्ड शोधून ठेवा. कितव्या आठवड्यात झालं, चिमटा किंवा व्हॅक्यूम लागला का, गळ्याला टाके घातले का, रक्त किती गेलं, हे त्यावरून सांगता येईल. गर्भ राहिल्यावर ते पहिल्याच भेटीत दाखवा. कार्डात वेगळं काही नसेल तर पाचव्या महिन्याच्या आसपास जी सोनोग्राफी होते तिच्यात गळ्याची लांबीही बघायला सांगा. बहुतेकींना तेवढं पुरतं.

आणखी एक. दुसऱ्या गर्भारपणात सहाव्या-सातव्या महिन्यापासूनच बाहेरच्या तोंडात बोटाचं टोक जाऊ लागतं. ज्यांना आधी मूल झालंय त्यांच्यात हे नेहमीचंच आहे, आणि तेवढ्याने बाळंतपण जवळ आलं असं होत नाही. तरी एखाद्या तपासणीत कुणीतरी म्हणेलच, ‘तोंड एक बोट उघडलंय.’ तेव्हा घाबरण्याआधी लगेच विचारा: आतलं की बाहेरचं?